पावलांच्या उंचीची काच

जोहान्सबर्गच्या टेकडीवर, जुलैत,
वारा इतका कोरडा की पुसलेली काच
मी बादली उचलेस्तोवर पुन्हा लाल होते.
खाणींची धूळ ही. तिला सुनावणीची तारीख कळत नाही.

माझं नाव दिकेलेदी. म्हणजे आसवं.
आजी गेली त्या आठवड्यात जन्मले, एवढंच कारण.
न्यायाधीशांच्या पाठीमागे लांब, बुटकी पट्टी आहे काचेची,
ती मी बाहेरून पुसते.
आत बसणाऱ्याला रस्त्यावरची फक्त पावलं दिसतात,
अकरा डोक्यांच्या वर चालणारी:
टाचा, चपला, एखादं कुत्रं,
आणि माझे रबरी बूट.

आतली भिंत तुरुंगाच्या विटांची.
तुरुंग पाडला, विटा ठेवल्या.
कच्च्या कैद्यांच्या बराकीत माझा बाप एकोणीस दिवस होता,
खिशात पासची वही नव्हती म्हणून.
वही घरी होती, धुवायला टाकलेल्या पँटीत.
एवढं सांगायलाही त्याला कुणी तोंड उघडू दिलं नाही.
तो कुठल्या विटेला टेकला असेल, मी शोधत नाही.
पण झाडताना
एकीवरून फडका जरा हळू फिरतो.
रोज वेगळीच असते ती.

आज खटला आहे सरकारचा.
म्हणजे, सरकारवरचा.
नदीकाठच्या साठ पत्र्याच्या खोल्या पहाटे चारला पाडल्या,
मंत्र्याच्या सहीचा एक कागद दाखवून.
"कोर्टाचा हुकूम कुठाय?" मा-सेइपातीनं विचारलं.
पोलीस म्हणाला, घाई होती.

सकाळी फाटकावर तोच मंत्री आला.
मखुदूनं वही पुढे सरकवली: नाव, वेळ, सही.
"मी कोण आहे, ठाऊक आहे ना?"
"आहे की. म्हणून तर लिहा."
पट्टा काढायला लावला, नाणी ट्रेमध्ये.
मंत्री एका हातानं पँट धरून उभा.
त्या पानावर त्याचं नाव माझ्या नावाखाली आहे,
अक्षर माझ्याहून वाईट.

न्यायासनापुढे अकरा गाईंची कातडी लावलीत,
एकीचे ठिपके दुसरीला नाहीत.
मामा गुरं राखायचा. म्हणायचा,
वेसण बैल वाईट असतो म्हणून नसते गं,
बैल मोठा असतो म्हणून असते.

दुपारी मार्गिकेतल्या स्पीकरवर सरकारी वकील ऐकू आला:
"असा आदेश दिलात, तर सरकारचे हात बांधले जातील."

हात बांधले जातील.
मी फडका पिळत होते. थांबले.
बापाच्या मनगटांवर काळसर वळ होते,
शेवटची आंघोळ घालताना पाहिले मी.
त्याचे हात बांधताना कुणी कलम वाचलं नव्हतं,
कुणी अकरा जणांना विचारलं नव्हतं.
सरकारचे हात शाईनं बांधतात, साहेब,
शाईचे वळ उठत नाहीत.
त्या हातांनी दिवे लावता येतात, नळ सोडता येतो,
फक्त पहाटे चारला
दुसऱ्याचं दार उचकटता येत नाही.

हे मी बोलले नाही. बादली घेऊन बाहेर गेले.
काच लाल झाली होती.
वाकले. आत ओठ हलत होते, आवाज नव्हता.
वकिलानं मान वर केली, माझे बूट पाहिले
आणि पाण्याचा ग्लास उचलला.
तहान लागली असेल.

निकाल राखून ठेवला.
मा-सेइपाती पायऱ्यांवर बसून डब्यातली मक्याची लापशी खात होती.
"कधी?" तिनं विचारलं.
"वाट बघायची," मी म्हटलं. "पण ह्या वेळी त्यांनीसुद्धा."
तिनं डब्याचं झाकण मला दिलं, त्यात दोन घास.

पत्रे अजून नदीकाठीच पडलेत,
आणि उद्याही वारा आहे म्हणतात.